टिटवीची अठ्ठेचाळीस मिनिटं

१

“लॉगबुकं गेली, मधू.”

शनिवारी सकाळी सव्वासातला फोन आला, तेव्हा मधुमतीचे दोन्ही हात बटाट्याच्या भाजीत होते. संध्याकाळी साउथहॅम्प्टनच्या मंडळाचा कार्यक्रम होता आणि साठ जणांचे वडे तिच्या गळ्यात पडले होते. तिने फोन खांद्याने कानाशी दाबला.

“गेली म्हणजे? कुठे गेली?”

“ते माहीत असतं तर तुला फोन केला असता का?”

दादाचं हे असंच. शहात्तर वर्षांचा झाला, तरी मदत मागतानासुद्धा समोरच्यालाच वेड्यात काढायचा.

शशिधर ओगले म्हणजे मधुमतीचा एकुलता एक मोठा भाऊ. ब्रिस्टलच्या विमान कारखान्यात तो तीस वर्षं इंजिनिअर होता. दिवसभर दुसऱ्यांची विमानं बांधून त्याचं पोट भरलं नाही, म्हणून घरी आल्यावर गॅरेजमध्ये तो स्वतःचं बांधायचा. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेलं कापड, पुढे बीटल मोटारीचं इंजिन आणि बसायला एकच सीट. अकरा वर्षं लागली. ते पूर्ण झालं तेव्हा त्याने नाकावर देवनागरीत नाव रंगवलं, ‘टिटवी’. टिटवी ओरडली की घरात काहीतरी अशुभ होतं असं आई म्हणायची, हे मधुमतीने तेव्हाच ऐकवलं होतं. दादाने अर्थातच ते कानाआड केलं.

टिटवीला आता अडतीस वर्षं झाली होती. दीड वर्षापूर्वी दादाच्या डाव्या डोळ्याची नजर गेली, डॉक्टरांनी उड्डाण बंद केलं, आणि महिनोन्‌महिने कुरकुर करून तो एकदाचा विकायला तयार झाला. गिऱ्हाईक आज अकराला येणार होतं. आणि आज लॉगबुकं नव्हती.

लॉगबुकं म्हणजे विमानाच्या जन्मापासूनच्या तीन वह्या, सांगाड्याची वेगळी, इंजिनाची वेगळी. किती तास उडालं, कुठे काय तुटलं, कुणी दुरुस्त केलं, सगळं त्यांत. घरी बांधलेल्या विमानाच्या वह्या नसतील तर तपासनीस सही करत नाही आणि कुणी विमाही उतरवत नाही. मग राहतं ते पंख लावलेलं लाकूड.

“पोलिसांना कळव,” मधुमती म्हणाली.

“पोलिसांना काय कळतंय? तू ये. हॉस्पिटलात चोवीस वर्षं हरवलेल्या फायलीच शोधत होतीस ना?”

खरं होतं ते. रेकॉर्ड विभागातल्या चोवीस वर्षांत मधुमती एकच गोष्ट शिकली होती. फाइल आपणहून हरवत नाही, ती कुणीतरी नेते. आणि नेणाऱ्याकडे बहुतेक वेळा कारण असतं, फक्त ते आपण समजतो ते नसतं.

तिने भाजीवर झाकण ठेवलं, हात धुतले आणि चरफडत गाडीची किल्ली शोधायला लागली. नेमकी तीही जागेवर नव्हती.

२

बेसिंगस्टोकच्या बाहेर, कीथ नावाच्या शेतकऱ्याच्या रानात गवताची एक धावपट्टी होती आणि तिच्या टोकाला पत्र्याचा हँगर. मधुमती पोचली तेव्हा आत बापलेकांची जुंपली होती.

“आत्या, तू सांग बाबाला!” यशोधन म्हणाला. चाळिशीचा हा भाचा इथेच जन्मलेला, बेसिंगस्टोकच्या एका आयटी कंपनीत मॅनेजर. मराठी मनापासून बोलायचा, पण शब्दांची लिंगं त्याला कधीच वश झाली नाहीत. “त्यानेच लपवला असणार ती बुक्स. त्याला विकायचीच नाही ती विमान!”

“मी लपवली तर मीच हिला बोलावीन का, गाढवा?”

“हो! तू करशील असा!”

“दोघंही गप्प बसा,” मधुमती म्हणाली. “वह्या शेवटच्या कधी पाहिल्या?”

गुरुवारी दुपारी, दादा म्हणाला. त्याने स्वतः त्या लोखंडी कपाटात ठेवून कुलूप लावलं. शुक्रवारी संध्याकाळी पाचला उघडलं तर कप्पा मोकळा. कुलूप शाबूत होतं, कुठे ओरखडाही नाही. किल्ल्या तीन. एक दादाच्या गळ्यात, एक यशोधनकडे आणि एक कीथकडे, कारण जागा त्याची.

“तू कुठे होतास रे?”

“डब्लिन. बुधवारपासून. काल रात्री परत आलो. माझी किल्ली माझ्याबरोबर होता.” त्याने लगोलग फोन काढून बोर्डिंग पास दाखवला. कुणी आपल्यावर संशय घेतल्याचा त्याला इतका राग आला होता, की तो विमानातल्या जेवणाबद्दलही सांगायला लागला.

मधुमती टिटवीभोवती एक चक्कर मारून आली. डाव्या पंखाच्या मुळाशी, चाकाजवळ, ती थबकली. वास येत होता. नेलपॉलिशचा असावा तसा, झणझणीत.

“हा कसला वास?”

“डोपचा,” दादा चटकन म्हणाला. “कापडावर लावतात ते. हँगर आहे हा, इथे असलेच वास येणार.”

तिने वाकून पाहिलं. पंखाच्या खालच्या अंगाला वितीएवढं एक ठिगळ होतं. कडा सुबक कातरलेल्या, रंग भोवतालच्या पिवळ्यापेक्षा किंचित उजळ. ते पाहायला तिला जवळजवळ जमिनीवर आडवं व्हावं लागलं, आणि उठताना तिच्या कंबरेने चांगलीच तक्रार केली.

तेवढ्यात बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला. गिऱ्हाईक तासभर आधीच हजर झालं होतं.

३

अपूर्व चिंचणीकर पस्तिशीचा, सहा फुटांहून उंच, मूळचा पुण्याचा. बेसिंगस्टोकच्या एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता, आणि दोन वर्षांपूर्वी त्याने पायलटचं लायसन्स काढलं होतं. वह्या गेल्याचं ऐकून त्याचा चेहरा पडला, पण चिडला मात्र नाही. आज सकाळपासून न चिडलेला हा पहिलाच माणूस मधुमतीला भेटत होता, त्यामुळे तिला त्याचाच संशय आला.

“वह्या नसल्या की किंमत उतरेल, नाही का?” तिने सरळच विचारलं.

“उतरेल काय काकू, मला घेताच येणार नाही. मी पुढच्या शनिवारी हे इथून उडवत नेणार होतो. सगळं ठरवून बसलोय.” त्याने फोन काढला. “पण मी तीन आठवड्यांपूर्वी आलो होतो ना, तेव्हा पानंच्या पानं फोटो काढून ठेवलेत. उपयोग होईल?”

वह्या चोरून भाव पाडणारा माणूस त्यांचे फोटो स्वतःहून पुढे करत नाही. मधुमतीने त्याला मनातल्या मनात यादीतून काढलं आणि फोटो बघायला लागली. शेवटच्या पानावर दादाचं वळणदार अक्षर, दीड वर्षापूर्वीची तारीख. त्यानंतर कॉकपिटचे फोटो होते. घड्याळं, काटे, आणि एका कोपऱ्यात छोट्या खिडकीत आकडे.

“हे काय?”

“तासमीटर. इंजिन किती तास चाललं ते मोजतो. सहाशे अकरा पॉइंट सहा.”

“आताही तेवढेच आहेत का बघ बरं.”

“असणारच,” दादा मध्येच म्हणाला. “दीड वर्षात इंजिनाला हात लावलेला नाही कुणी. उगाच त्याला कशाला चढवतेस?”

पण अपूर्व पंखावर पाय देऊन चढलाही होता. तो सीटवर बसला आणि कळवळला. त्याचे गुडघे पुढच्या पॅनेलवर आपटले होते.

“मागच्या वेळी काकांनी पाना घेऊन माझ्यासाठी पेडल्स पुढे ढकलून दिली होती,” तो गुडघा चोळत म्हणाला. “आता पुन्हा जवळ आलीत.”

“मीटर सांग,” मधुमती म्हणाली.

अपूर्व खाली वाकला. मग त्याने फोनमधला फोटो पाहिला, पुन्हा मीटर पाहिला.

“सहाशे बारा पॉइंट चार,” तो हळूच म्हणाला. “काकू, हे विमान मी येऊन गेल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं चाललंय.”

यशोधनने वडिलांकडे पाहिलं. वडील पत्र्याकडे पाहत होते.

४

“नुसतं जमिनीवर इंजिन चालवून बघितलं असेल कुणी,” दादा अखेर म्हणाला.

“हवेवर थंड होणारं इंजिन आहे काका,” अपूर्व म्हणाला. “जमिनीवर उभं करून अठ्ठेचाळीस मिनिटं चालवलं तर तापून बंद पडेल. हे उडालंय.”

मधुमतीने यशोधन आणि अपूर्वला चहा आणायला कीथच्या घरी पिटाळलं. दोघांनाही चहा नको होता, पण तिच्या आवाजाने ते निमूट गेले. मग तिने एक मोडकी खुर्ची ओढली, दादाला तीत बसवलं आणि समोर उभी राहिली.

“कधी उडालास?”

“कोण म्हणतं मी?”

“दादा, माझे साठ वडे घरी खोळंबलेत. कीथ अपूर्वएवढाच उंच. तो बसला असता तर पेडल्स होती तिथेच राहिली असती. ती जवळ ओढून घ्यावी लागतात सव्वापाच फुटी माणसाला. या गावात पायलट असलेली सव्वापाच फुटी माणसं किती आहेत?”

दादाने चष्मा काढून स्वेटरने पुसला. नजर गेलेल्या डोळ्यावरची काच त्याने जास्त वेळ पुसली, हे तिच्या लक्षात आलं.

“मागच्या रविवारी,” तो म्हणाला. “विकण्याआधी नीट चालतंय की नाही, बघायला नको? उद्या पोरगा म्हणेल, काकांनी खटारा गळ्यात मारला.”

“एका डोळ्याने?”

“वर काही अडचण आली नाही. वरती मोकळंच असतं गं.” तो थांबला. “उतरताना जमीन किती खाली आहे ते कळेना. दोन-तीन फूट असेल असं वाटलं, निघाली जास्त. धप्पकन बसलं.”

मधुमतीला इतका संताप आला की तिला दोन पावलं मागे जावं लागलं. रेखावहिनी जाऊन चार वर्षं झाली होती. हा असाच त्या गवतावर पडला असता तर पोलिसांचा फोन थेट तिलाच आला असता. हे सगळं त्याला ऐकवायचं होतं, पण ऐकवायला लागलो तर आपण रडू, असं वाटून तिने दुसरंच विचारलं.

“मग ठिगळ तुझं?”

“कीथचं. त्याने मला उतरताना पाहिलं, ट्रॅक्टर टाकून धावत आला. म्हणाला, फक्त कापड फाटलंय, मी लावतो. माझा गुडघा बघतेस ना, मला पंखाखाली जाता येत नाही.”

“आणि अपूर्वला हे सांगितलंस?”

दादा स्वेटरचा धागा ओढायला लागला.

“वह्यांत लिहिलंस?”

“कापड तर फाटलं होतं नुसतं!” तो उसळला. “पण वह्या मी घेतल्या नाहीत, मधू. रेखाची शपथ. काल रात्री मी हा अख्खा हँगर उलथा केलाय.”

तिला ते पटलं. फाटलेलं दिसू नये म्हणून ठिगळ लावलं होतं. वह्यांत तर त्या रविवारचं अक्षरही नव्हतं, मग त्या नेऊन काय लपणार होतं? काहीच नाही. वह्या नेल्याने एकच गोष्ट होत होती. विक्री थांबत होती.

म्हणजे नेणाऱ्याला विक्री थांबवायची होती. ती दादाला थांबवायची नव्हती, यशोधनला तर मुळीच नव्हती. उरली तिसरी किल्ली. पण ज्याने रविवारी मित्राची लाज झाकायला मातीत झोपून ठिगळ लावलं, त्यानेच शुक्रवारी त्याच मित्राचा सौदा का मोडावा?

त्या चार-पाच दिवसांत त्याला काय कळलं? की त्याला ते रविवारीच दिसलं होतं?

मधुमतीने मान वळवून त्या पिवळ्या ठिगळाकडे पाहिलं.

“दादा,” ती म्हणाली, “त्या कापडाच्या आत काय असतं?”

५

कीथ चहाचा ट्रे घेऊन स्वतःच आला. सत्तरीचा, तांबूस चेहऱ्याचा, हात फावड्यासारखे. पाठोपाठ यशोधन आणि अपूर्व. मधुमतीने ट्रे खाली ठेवायचीही उसंत दिली नाही.

“वह्या कुठे आहेत, कीथ?” तिने इंग्रजीत विचारलं. “आणि कापड लावण्याआधी आत काय दिसलं तुम्हाला?”

त्याने आधी आव आणला. कसल्या वह्या, मला काय माहीत. मग त्याची नजर दादावर गेली, तिथून अपूर्वच्या गळ्यातल्या नव्याकोऱ्या हेडफोनवर. तो सरळ वळला आणि बाहेर ट्रॅक्टरकडे गेला. परतला तेव्हा त्याच्या हातात कोंबड्यांच्या खाद्याची रिकामी पिशवी होती. पिशवीत तिन्ही वह्या, वरून प्लॅस्टिकमध्ये नीट गुंडाळलेल्या.

“स्पार,” तो म्हणाला. एवढाच शब्द.

अपूर्वने चमकून पंखाकडे पाहिलं. पंखाच्या आत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जो मुख्य लाकडी दांडा जातो, तो स्पार. सगळा पंख त्याच्यावर तोललेला असतो. तो वर गेल्यावर मोडला, तर खाली येईपर्यंत करण्यासारखं काही उरत नाही.

“चीर आहे,” कीथ सांगत होता. “चाकाचा पाय जिथे जोडलाय तिथून निघालीय. माझ्या करंगळीएवढी. कदाचित वरवरची असेल, मी काही इंजिनिअर नाही. शशीला सांगणार होतो. सोमवारी आलो, मंगळवारी आलो. दर वेळी हा त्या विमानाला पॉलिश करत बसलेला. पोरगं कसं उडवत नेणार ते सांगत होता. माझी जीभ वळली नाही. म्हटलं, वह्या नसल्या की पोरगं नेणार नाही. तेवढ्यात काहीतरी सुचेल.”

“सुचलं का?” मधुमतीने विचारलं.

“नाही,” कीथ म्हणाला.

यशोधनने इंग्रजीत एक सणसणीत शिवी हासडली, नेमकी कुणाला ते कळलं नाही. अपूर्व पंखाला हात लावायला गेला आणि मध्येच हात मागे घेतला. त्याचा रंग उतरला होता.

दादा खुर्चीतून उठला होता. आता हा कीथच्या अंगावर जाणार, असं मधुमतीला वाटलं, आणि तो गेलाही.

“तीस वर्षं ओळखतोस मला,” तो इंग्रजीत म्हणाला. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं. “मी बांधलंय ते. त्याला कुठे लागलंय हे तू मला सांगायचं नाहीस?”

“तुला लागलं असतं, शशी.”

“मला लागू दे की! या पोराला काय झालं असतं?”

कीथने मान खाली घातली. आणि बोलता बोलता दादाच्या लक्षात आलं असावं की हा प्रश्न कीथसाठी नव्हता. तो तसाच उभा राहिला. मग त्याने यशोधनकडे हात केला.

“टॉर्च दे. आणि माझा दंड धर.”

“बाबा, तुझी गुडघा—”

“धर म्हणतो ना!”

यशोधनने धरला. शहात्तर वर्षांचा तो माणूस कण्हत, शिव्या देत, आधी एका गुडघ्यावर, मग कुशीवर आणि शेवटी पाठीवर आडवा झाला आणि पंखाखाली सरकला. खिशातल्या चाकूने त्याने कीथचं सुबक ठिगळ कापलं. टॉर्चचा उजेड आत फिरला. बाहेर चौघं त्याच्या बुटांकडे बघत उभे. चहा गार झाला.

“वरवरची नाही,” आतून आवाज आला. “अर्ध्याच्या पुढे गेलीय.”

त्याला बाहेर काढायला तिघं लागले. कपडे मातीने भरलेले, चष्मा वाकडा. त्याने वह्या मागितल्या, सांगाड्याची वही निवडली, लाकूड तासायच्या टेबलावर उघडली आणि खिशातलं पेन काढलं. मधुमती त्याच्या खांद्यावरून बघत होती. तारीख त्याने मागच्या रविवारची घातली. उड्डाण अठ्ठेचाळीस मिनिटं. पायलट एस. ओगले, वैद्यकीय परवानगी नसताना. उतरताना जोरात आपटले, डावा स्पार चिरला, उड्डाणास अयोग्य. शेवटच्या रकान्यात कारण लिहायचं होतं. तिथे पेन थोडं थांबलं, आणि मग त्याने स्वच्छ अक्षरात इंग्रजीत लिहिलं, ‘चूक माझी’.

साठ वर्षांत हे दोन शब्द दादाने तोंडाने उच्चारलेले मधुमतीने ऐकले नव्हते. वाचायला मिळतील असं तर तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

त्याने वही अपूर्वपुढे धरली.

“वाच. हे मी तुला आधीच सांगायला हवं होतं. विमान आता विकायचं नाही. आधी पंख उतरवून नवा स्पार घालतो, तपासनिसाची सही घेतो. मग तू नाही म्हणालास तरी मला वाईट वाटणार नाही.”

“म्हणजे आणखी एक हिवाळा!” यशोधनने कपाळावर हात मारला. “आत्या, मला वाटला आज संपणार हे!”

अपूर्वने ती नोंद दोनदा वाचली. वही मिटून त्याने टेबलावर ठेवली, ती सरळ केली, पुन्हा सरळ केली.

“मला आज काही ठरवता येणार नाही, काका,” तो म्हणाला. “खरं सांगायचं तर माझे पाय कापतायत.”

“कापायलाच हवेत,” दादा म्हणाला.

“पण पंख उतरवायला किती माणसं लागतात?”

“चार.”

अपूर्वने मोजलं. दादा, कीथ, यशोधन. त्याने गळ्यातला हेडफोन काढून खुंटीला अडकवला आणि बाह्या सारल्या.

“पाने-पक्कड कुठे आहे?” त्याने विचारलं.

मधुमतीने घड्याळ पाहिलं. पावणेबारा. निघालं तर वडे वेळेवर होतील. दाराशी पोचून तिने मागे पाहिलं, तर दादा तिघांना एकाच वेळी तीन वेगवेगळ्या गोष्टींवरून झापत होता, आणि कुणीच त्याचं ऐकत नव्हतं.